घाटासाठी बसवलेला कूलर

ता. ३, रविवार

घाट अर्धा चढून परत आलो. टपावर बांधलेला पाळणा जसा चढवला तसाच खाली उतरवला. दोरीची गाठसुद्धा सुटायला तयार नव्हती.

लेकीला नववा लागला आहे. तिच्या गावाला जायला हा एकच घाट. मागच्या खेपेला मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, बाळ राहिलं नव्हतं आणि ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. या खेपेला तिला शब्द दिला आहे की कळा सुरू व्हायच्या आधी मी तिच्या उशाशी असेन. म्हणून आज देवाला हात जोडून, दुपटी, लंगोट, डबा, सगळं भरून निघालो होतो.

दगडी कठड्याच्या वळणावर ह्यांनी गाडी एकदम बाजूला घेतली. समोरून ऊन येत होतं आणि मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता. "गिअरबॉक्स तापलाय," म्हणाले. "वास येतोय बघ." मला कसलाच वास आला नाही. आमची गाडी आपोआप गिअर बदलणारी. तिच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं. नवं तेल लाल असतं, जळलं की तपकिरी होतं. ते पाहायला एक लांब पट्टी असते. हे सगळं मला ह्यांनीच शिकवलेलं. चष्मा घरी राहिला म्हणाले, म्हणून पट्टी मी काढली. गाडीच्या दारातल्या खणात मी फडकी ठेवते, चहा गाळायची जुनी, धुऊन घड्या घातलेली. फेकायची कशाला? त्यातल्या एकावर पट्टी पुसली.

"कसं आहे?"

"तपकिरी."

"नक्की?"

"नक्की. मला काय रंग कळत नाही?"

"झालं तर मग," म्हणाले आणि गाडी वळवली. आवाज असा, जसं कुणाच्या डोक्यावरून ओझं उतरावं. माझं मात्र चढलं.

लेकीचा फोन आला. "आई, घाबरू नकोस, अजून दिवस आहेत." समजूत मी तिची घालायची, तर ती माझी घालते.

ता. ४, सोमवार

मी म्हटलं, बसने जाऊ. सकाळी एक सुटते, दुपारी पोचते. ह्यांना जणू शिवीच दिली.

"जन्मभर कारखान्याची बस चालवली मी. आरशाला ओरखडा नाही. आता तिकीट काढून दुसऱ्याच्या मागे बसू?"

"मग मी एकटी जाते."

"तुला बस लागते. वळणावळणावर पिशवी तोंडाशी धरून जाशील आणि पोचल्यावर लेकच तुझी सेवा करेल." हे खरं आहे, म्हणूनच जास्त राग आला.

आता ह्यांच्या डोक्यात घेतलंय की गाडीला एक जादा कूलर बसवायचा. म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा छोटा रेडिएटर. मूळचा गाडीत असतोच, पण चढावर तो पुरा पडत नाही म्हणे. तेल गिअरबॉक्समधून निघून आधी मूळच्या रेडिएटरमधून जाणार, मग ह्या नव्यातून, आणि गार होऊन परत. मी विचारलं, किती दिवसांचं काम? "दोन."

ता. ७, गुरुवार

कूलर आला. हिशेबाच्या वहीएवढा, पातळ पत्र्यांच्या चुण्या घातलेला. सोबत दोन रबरी पाइप, चार क्लिपा आणि एक कागद. त्याची किंमत वहीत मांडताना हात आखडला. इथे लिहीत नाही.

कागदावर मुंगीएवढी अक्षरं. "तू वाच," म्हणाले. "मॅट्रिक आहेस ना?" तीस-पस्तीस वर्षांत माझ्या मॅट्रिकची आठवण ह्यांना फक्त टोमण्यातच आली. मी वाचत गेले, हे मान डोलावत गेले. मध्येच म्हणाले, "आकृतीत कोणता पाइप वर दाखवलाय?" कागद माझ्या हातात, मान तिरकी करून हे भिंतीकडे बघतात. असं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघण्याची नवीनच खोड लागली आहे. परवा शेजारच्या शिलाईवाल्या काकूंनाही ह्यांनी ओळख दिली नाही. त्या मला म्हणतात, "तुमच्या घरी आता गाडी सोडून कुणाला भाव नाही वाटतं?"

पाइप अशा धारेला लागता कामा नये की कापला जाईल. कूलरची तोंडं वरच्या बाजूला हवीत, नाहीतर आत हवा अडकते. एवढं सगळं मला पाठ झालं आहे. लेकीच्या बाळंतपणाचं मात्र काहीच पाठ करता येत नाही.

ता. ९, शनिवार

गिअरबॉक्समधून दोन पाइप निघतात. एक जातो, एक येतो. कूलर जोडायचा तो येणाऱ्यावर. जाणारा कोणता, येणारा कोणता हे कळायचा उपाय ह्यांनी सांगितला: एक सोडायचा, इंजिन क्षणभर चालू करायचं आणि तेल कुठून उडतं ते पाहायचं. हे किल्लीपाशी, मी डबा घेऊन खाली.

"पाहिलंस का?"

पाहिलं कसलं, अंगावर घेतलं. कोपरापासून खांद्यापर्यंत. डब्यात निम्मंच आलं. म्हटलं, तुम्ही पाहायचं होतं, किल्ली मी फिरवली असती, किल्ली फिरवायला मॅट्रिक लागत नाही. तर म्हणतात, "किल्ली माझ्याकडेच राहू दे."

अंगणातल्या फरशीवर हा मोठा डाग. साबण, राख, भुसा, सगळं घालून झालं. ब्लाउज बादलीत भिजत टाकला तो तसाच. डब्यातलं तेल टाकवेना. जुन्या जॅमच्या बरणीत ओतलं आणि खिडकीत ठेवलं. दाराच्या बिजागरींना होईल.

ता. १०, रविवार

गंमत झाली. बरणीतलं तेल सकाळी उन्हात पाहिलं तर लालभडक. डाळिंबाच्या दाण्यासारखं. पट्टीवर तर मी स्वतः तपकिरी पाहिलं होतं. गढूळ पाणी ठेवलं की निवळतं तसं असेल, गाळ खाली बसला असेल. पण खाली गाळही दिसेना.

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता हात थांबला.

"लाल आहे?"

"लाल म्हणजे किती लाल."

मग म्हणाले, "साचलं की निवळतं ते." आणि जेवण अर्धं ठेवून उठले. अन्न टाकू नये हे ह्यांनीच लेकीला शिकवलं आहे.

ता. १३, बुधवार

कूलर रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे लावायचा. पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, बसवला, काढला. हलतो म्हणून काढला. मग वाकडा वाटला म्हणून काढला. मला विचारतात, "सरळ आहे का?" मी सरळ म्हटलं तर बोटं फिरवून चारी कडा चाचपतात आणि म्हणतात, नाही, वाकडा आहे. मग मला विचारायचं कशाला?

लेकीचा फोन. डॉक्टरीण म्हणाली, बाळ खाली सरकलं आहे, तारखेच्या आधीही होऊ शकेल. जावई दिवसभर कामावर असतात. घरात ती एकटी. मी फोनवर हसून बोलले आणि ठेवल्यावर ओट्याशी उभी राहिले.

मला एक शंका येते. लेकीने एवढ्या लांब, डोंगरावर संसार मांडला, हे ह्यांना तेव्हा पटलं नव्हतं. तो राग अजून असेल का? ज्याला जायचंच असतं तो वाट शोधतो, नसतं तो पाइप शोधतो. पण मग पाळण्याला रोज फडकं कोण मारतं? मी तर मारत नाही.

ता. १५, शुक्रवार

बसला एकदाचा. क्लिपा आवळल्या, कमी झालेलं तेल भरलं. गाडी सपाटीवर, इंजिन चालू, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवले आणि मग पट्टी. "दोन खुणांच्या मध्ये आहे का? वरच्या खुणेला लागतंय का?" दर वेळी मीच. मग मी गुडघे टेकून खाली. "थेंब दिसतो का? जोडाशी बघ. नीट बघ." थेंब नव्हता. माझे गुडघे मात्र राहिले नाहीत. अहो, तुमचे डोळे काय गहाण टाकलेत, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

देवापुढे दिवा लावून सांगितलं की रविवारी गाडी नीट चालू दे.

ता. १७, रविवार

गाडी चालवून पाहायला निघालो. फाटकातून निघतानाच डाव्या बाजूला खरखर. खांबाला घासली.

"हा खांब आधी इथे नव्हता," म्हणाले.

"बरोबर, रात्री चालत आला असेल."

हसले नाहीत. मी हसले, कारण नाहीतर दुसरं काय करणार होते. पुढे इतके हळू की सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून पाहून गेला. चढाचा रस्ता लागायच्या आधी ह्यांनी विचारलं, "ते पुढे काय आहे, कुत्रं का दगड?" मी म्हटलं, पोतं आहे. "तेच म्हणतो मी," म्हणाले. आणि तिथूनच गाडी वळवली. तापतेय म्हणे अजून. तेवढ्याशा चालीत चहासुद्धा तापायचा नाही.

घरी आल्यावर डाव्या बाजूच्या ओरखड्यावरून बराच वेळ हात फिरवत बसले. मी बोलावलं तरी आले नाहीत.

ता. १८, सोमवार

आज म्हणतात पाइप लांब झाला, कूलर पुन्हा काढतो.

माझा तोल सुटला. म्हटलं, "त्या पोरीने या खेपेलाही भिंतीकडे तोंड केलं ना, तर तुमचा कूलर मी तुमच्या गळ्यात बांधीन." हे पानं धरून बसले, पानं म्हणजे नट फिरवायची. नट फिरवत राहिले. भांडायलासुद्धा माणूस समोर लागतो.

उद्या कोपऱ्यावरच्या गिअरबॉक्सवाल्याला बोलावते. ह्यांना आवडणार नाही. न आवडो.

ता. १९, मंगळवार

मिस्त्री आला. तोंडात सुपारी, एका कानाला फोन. ह्यांनी त्याला फाटकातच सांगितलं, "तुझी गरज नाही, हिला घाई झाली आहे." तो म्हणाला, "काकांनी हाकललं तरी आलोय तर बघून जातो, फुकट." फुकट शब्दावर मी त्याला खुर्ची दिली.

खाली शिरला, वर आला. "काका, कूलर झकास बसवलाय. इतका नेटका मीही बसवत नाही. पण कशाला?"

"तेल जळत होतं," हे म्हणाले.

"जुनं तेल आहे का?"

मी बरणी आणली. त्याने उजेडात धरली. "हे जळकं? हे तर सरबत आहे."

"पट्टीवर तपकिरी होतं," मी म्हटलं. "ठेवल्यावर निवळलं."

"काकू, तेल काय पुराचं पाणी आहे निवळायला? कशावर पुसलं होतं?"

मी फडकं आणून दाखवलं. त्याने बरणीत बोट बुडवून त्यावर पुसलं. तपकिरी. मग पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर पुसलं. लाल. इतका हसला की सुपारी ठसक्याने बाहेर आली. "या फडक्यावर दूध पुसा, तेही जळलेलं दिसेल."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चहा गाळून गाळून त्या फडक्याचाच रंग तो झालेला. धुऊन का जातो? माझ्या एका काटकसरीपायी हा सगळा खटाटोप.

आणि मग तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. "पण काका, तुम्ही शेजारीच उभे होता ना? तुम्हाला फडकं दिसलं नाही?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण माझ्यापासून जरासे डावीकडे.

मिस्त्री गेल्यावर मी तिथेच पायरीवर बसले. हेही बसले.

"केव्हापासून?"

"गेल्या थंडीपासून. मधोमध धुकं बसल्यासारखं आहे. कडेचं दिसतं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"म्हणून."

थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "त्या वळणावर ऊन आलं आणि समोरचा रस्ताच गेला. कठडा कुठे, दरी कुठे. ट्रक मागे होता म्हणून आवाजावरून बाजूला घेतली. तू तपकिरी म्हणालीस, मला वाटलं देवच पावला. मग तू म्हणालीस, बरणीत लाल आहे. तेव्हाच कळलं मला, गाडीला काही झालेलं नाही. तरी बसवत राहिलो."

रडू आलं नाही मला. राग आला. मी त्या वळणावर शेजारी बसून डब्यातल्या पोळ्या मऊ राहतील ना याचा विचार करत होते.

ता. २०, बुधवार

रात्रभर ह्यांच्याशी मनात भांडले, सकाळी देवाशी. इतके दिवस मी देवाकडे गार गिअरबॉक्स मागत होते. रक्कम चुकीच्या खात्यावर मांडावी आणि मग ताळा जुळत नाही म्हणून बोटं मोडावीत, तसं माझं झालं. देव तरी काय करील? मागितलं ते दिलं त्याने. गिअरबॉक्स आधीपासूनच गार होता.

त्यांना जेवताना वाटी कुठे ठेवली ते सांगावं का, की सांगितलं तर लागेल? शेवटी नेहमीच्या जागी ठेवली. हात बरोबर गेला. म्हणजे मला जे दिसत होतं ते मी इतके महिने पाहिलं नव्हतं, आणि ह्यांना जे दिसत नव्हतं ते हे पाठ करून बसले होते. घरातली भांडी, फाटकाची उंची, जिना. खांबाचं तेवढं चुकलं.

दुपारी म्हटलं, "उद्या सकाळची बस. दोघं."

"पाळण्याचं काय?"

"बसला टप असतो. तुम्हालाच ठाऊक."

किल्ली देवाच्या फडताळात सापडली. मी मागितली नव्हती. मी अंघोळीला गेले असताना ह्यांनीच ठेवलेली दिसते. लेकीला काय सांगायचं ते मात्र मी ठरवून ठेवलं: गिअरबॉक्स अजून पुरता बरा नाही, म्हणून बसने आलो. बाळंतीण होणाऱ्या पोरीला आत्ता दुसरा घोर नको. आणि ह्यांचा मानही राहील. ह्यांनाही सांगितलं. "हूं," म्हणाले.

ता. २१, गुरुवार, लेकीच्या घरून

घाटभर मी पिशवी तोंडाशी धरून होते आणि हे माझ्या शेजारी बसून बस चालवत होते. म्हणजे प्रत्येक वळणावर ह्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली ब्रेक दाबत होता. पुढे चालवणारा तरुण होता. "गिअर उशिरा टाकतोय," म्हणाले. मग, "आता पूल येईल." आला. "आता उतार, मग लगेच उजवीकडे." तसंच. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे दोघांनाही दिसत नव्हतं आणि तरी रस्ता बरोबर येत होता.

कठड्याच्या वळणावर मात्र माझं मनगट धरलं. दुखेपर्यंत धरलं. वळण सरलं तेव्हा सोडलं आणि म्हणाले, "बरा चालवतो पोरगा."

लेक दारात उभी होती. पोट पार खाली उतरलं आहे, चेहरा ओढलेला, पण उभी आहे, दोन्ही पायांवर, आणि कळा अजून नाहीत. मी पोचले. या खेपेला पोचले. जावई पाळणा उतरवायला गेले.

ती माझ्या गळ्यात पडली, मग मागे रस्त्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, गाडी कुठे लावली?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं.

"गाडी ठणठणीत आहे," हे म्हणाले. "माझे डोळे गेलेत."

जावई पाळणा खांद्यावर घेऊन मागे तसेच थांबले. मला ह्यांचा इतका राग आला. ठरवलं होतं आपलं. बाळंत होऊ दे, मग सांगू, चार दिवस थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? महिनोन्महिने लपवलं आणि सांगितलं ते असं, उंबऱ्यात, पिशव्या हातात असताना.

लेक दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. एकदा माझ्याकडे पाहिलं, मला ठाऊक होतं का ते शोधायला. मग चौकट सोडून एक पायरी खाली उतरली, तिला आता उतरणं जड जातं, आणि ह्यांच्या कोपराला धरलं.

"चला आत," म्हणाली. "इथे पायरी आहे, बाबा."

"पायरी दिसते मला," हे म्हणाले. पाऊल उचललं आणि ते खाली टेकवायच्या आधी थांबले. तिने कोपर सोडलं नाही. ह्यांनीही सोडवून घेतलं नाही.